रात्री डुकरं, सकाळी अर्ज

गावाकडून येणारे काही फोटो असे असतात की त्यांच्याखाली काय लिहावं ते कुणालाच सुचत नाही. आडवं झालेलं भात, मधोमध लोळल्याचा खड्डा, बांधावर खुरांचे ठसे. गणपती होऊन नवरात्र जवळ आलं की फॅमिली ग्रुपवर हे फोटो सुरू होतात. कुणी हात जोडतं, कुणी रडका चेहरा टाकतं, दहा मिनिटांत कुणाच्या तरी बाळाचा वाढदिवस येतो आणि फोटो वर सरकून जातो. तुमचं गाव कोकणात असो, चंदगड-आजऱ्याकडं असो, चंद्रपुरात असो की आमच्यासारखं खानापूर तालुक्यात, हा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. आज त्या फोटोविषयीच बोलू.

मी राहते बेंगळुरूच्या शिवाजीनगरात. रसेल मार्केटकडं रताळ्यांचा ढीग दिसला की मला आधी रानडुक्कर आठवतं, हे ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगून पटत नाही. "डुक्कर? ते तर कचऱ्यात असतं ना?" असं त्या विचारतात. त्यांचंही बरोबर आहे. शहरात कचऱ्यात तोंड घालून फिरणारं डुक्कर आणि रानडुक्कर, शास्त्राच्या हिशेबानं दोघं एकाच जातीचे. पण पाठीवर ताठ केसांची आयाळ असलेला, सुळे बाहेर आलेला, शंभर किलोच्या घरातला नर एकदा बॅटरीच्या उजेडात पाहिला, की नातं लक्षात राहत नाही.

रताळं का आठवतं, तेही सांगते. बेळगावच्या पश्चिमेकडची आणि खानापूरकडची लाल माती रताळ्याला मानवते. नवरात्रात, महाशिवरात्रीला, एकादशीला तुमच्या उपवासाच्या ताटात जे रताळं येतं, ते आमच्याकडचं असण्याची शक्यता चांगली आहे. आणि रताळं हे डुकराचंही आवडतं खाणं. त्याला नजर फारशी नाही, पण नाक असं की जमिनीखालचा कंद वरून समजतो. मग नाकाड घालून तो सरी उलगडत जातो, आपण चादर ओढावी तशी. दोन गुंठ्यांची रताळी संपवायला कळपाला एक रात्र पुरते. भाताचं तर खाण्यापेक्षा तुडवण्यानंच जास्त जातं. दाणा दुधात असताना लोंबी चघळायची, थुंकायची, पुढं जायचं. ऊस असेल तर बुंध्याशी चावायचा आणि आडवा करायचा.

यांची संख्या इतकी कशी वाढली? डुकरिणीचा गाभणकाळ साधारण ११५ दिवसांचा. एका वेळी चार ते सहा पिल्लं, कधी जास्त. पोटभर मिळालं तर वर्षातून दोनदाही वीण होते. पूर्वी वाघ, बिबट्या आणि कोळसुंदे हा हिशेब जंगलातच मिटवत. आता जंगलाच्या कडेला, जिथं शेतं आहेत तिथं, वाघ आणि कोळसुंदे फारसे उरले नाहीत. उलट उसाची शेतं बारा महिने उभी. डुकराला सावली, पाणी, खाणं, बाळंतपणाची खोली, सगळं एकाच जागी. आणखी एक कारण आहे, पण ते तुमच्या-माझ्या घरातलं आहे, म्हणून जरा पुढं सांगते.

गंमत अशी की आमच्याच तालुक्यात हलशीला भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकाचं. पृथ्वी उचलून धरणाऱ्या वराहाची मूर्ती तिथं पुजली जाते. बदामीच्या चालुक्यांचं राजचिन्हही वराहच, आणि दक्षिणेत सोन्याच्या होनालाच वराह म्हणत. लहानपणी सहलीला नेलं होतं तेव्हा वर्गातल्या एकानं विचारलं होतं, "सर, ह्यानंच आमचं जोंधळं खाल्लं काय?" सर हसले, पण त्यांनी उत्तर दिलं नाही.

आता कायद्याकडं येऊ, कारण गावात सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे. "एक गोळी घातली की विषय संपला" असं पारावर बसलेला प्रत्येक जण सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर संरक्षित आहे. स्वतःच्या शेतात आलं म्हणून ते परस्पर मारता येत नाही, फास लावता येत नाही, मटण वाटून घेणं हाही गुन्हाच. जीवावर बेतलं आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना प्राणी मेला, तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. मात्र मेलेला प्राणी सरकारचा. उभ्या पिकाचं नुकसान करणारा प्राणी मारायची लेखी परवानगी देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याला कलम ११ खाली आहे. तुम्हाला-मला नाही.

याहून मोठा रस्ता कलम ६२ चा. त्याखाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरता, ठरावीक मुदतीपुरता प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं. बिहार आणि उत्तराखंडात २०१५-१६ मध्ये रानडुकरांबाबत तसं झालं. त्याच सुमारास आपल्या चंद्रपुरातही परवानगीनं रानडुकरं मारली गेली आणि जून २०१६ मध्ये दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, यावरून उघडपणे एकमेकांविरुद्ध बोलले. केरळनं २०२२ मध्ये वेगळी वाट काढली. पंचायतीच्या अध्यक्षांनाच अधिकार दिले, की परवानाधारक बंदूकवाल्याकडून शेतातलं डुक्कर मारून घ्या. म्हणजे निर्णय तिरुवनंतपुरमहून गावात आला.

पश्चिम घाटाचा अहवाल लिहिणारे माधव गाडगीळ, ज्यांनी इथं बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत पर्यावरणशास्त्राचं केंद्र उभं केलं, त्यांनी वारंवार मांडलं की हा कायदा शेतकऱ्यावर अन्याय करतो आणि डुकरांची नियंत्रित शिकार होऊ द्यावी. जंगलासाठी आयुष्य घातलेला माणूस हे म्हणतो, तेव्हा ते सहज बाजूला सारता येत नाही. दुसरी बाजूही खरी आहे: रानडुक्कर हे वाघाचं जेवण. ते संपलं तर वाघ गोठ्याकडं वळतो. मला विचाराल तर केरळची वाट जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिथं माणसाला आपल्या गावातच विचारायला जाता येतं. पण नुसत्या गोळीनं प्रश्न सुटतो यावर माझा विश्वास नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यानं २०११ पासून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला परवानगी दिली आहे. हेलिकॉप्टरमधून! तरी तिथली डुकरं संपलेली नाहीत आणि देशभरात वर्षाला दीड अब्ज डॉलरहून जास्त नुकसान होतं, असा तिथल्या कृषी खात्याचा अंदाज आहे. बर्लिनमध्ये २०२० साली एका तळ्याकाठी रानडुकरिणीनं एका माणसाची लॅपटॉपसकट पिशवी पळवली आणि बिचारा तिच्यामागं धावला, ते फोटो जगभर फिरले होते. आपण हसलो. त्याला पिशवी तरी परत मिळाली.

न हसण्यासारखी गोष्ट आता सांगते. मागच्या वर्षी आमच्या ओळीतली तीन शेतं एकाच आठवड्यात गेली, तेव्हा एका संध्याकाळी आमच्या पडवीत बैठक बसली. मी सुट्टीला घरी होते. चुलत काका म्हणाले, मोटरीच्या पेटीतून एक वायर काढतो, बांधानं तार फिरवतो, रात्री दहा ते पहाटे पाच. खर्च दोनशे रुपये. दादा गप्प बसले. त्यांचा गप्प बसणं म्हणजे निम्मा होकार असतो. तेवढ्यात आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "भावोजी, पाचच्या आधी गवताला मी जाते. तुमची तार बंद झाली का चालू आहे, हे मला कोण सांगणार?"

विषय तिथंच संपला. पण सगळ्या घरांत संपत नाही. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणं हे डुकरापेक्षा माणसाचा जीव जास्त सहज घेतं: पहाटे पाणी सोडायला गेलेला शेजारी, बैल सोडायला गेलेला मुलगा, कधी तार लावणारा स्वतः. विजेची चोरी हा एक गुन्हा आणि कुणी दगावलं तर सदोष मनुष्यवधापर्यंत कलम लागतं. हत्तीही अशाच तारांना लागून मरतात. गावठी बॉम्बचंही तेच. कणकेच्या किंवा मांसाच्या गोळ्यात स्फोटक घालून ठेवतात आणि तो गोळा कुत्रं उचलतं, गाय चावते, पोर खेळायला घेतं. २०२० मध्ये केरळात एका गाभण हत्तिणीच्या तोंडात स्फोटक भरलेलं फळ फुटलं आणि ती नदीच्या पाण्यात उभी राहून मेली, ते तुम्हाला आठवत असेल. असा दारूगोळा तिथं रानडुकरांसाठी ठेवतात. तुमच्या घरात कुणी वायर काढायचं बोलत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. वाचून दाखवायला लाज वाटत असेल तर नुसता पाठवा.

मग करायचं काय? गावोगावच्या युक्त्या तुम्ही ऐकल्या असतील. जुन्या रंगीत साड्या बांधाभोवती लावायच्या. सलूनमधले केस आणून कडेनं पसरायचे, म्हणजे हुंगताना नाकात जातात. रिकाम्या बाटल्या टांगायच्या. माळ्यावर बसून डबा वाजवायचा. यातली कुठलीच थट्टेची नाही, हैदराबादच्या कृषी विद्यापीठानंही साड्या आणि केस हे उपाय शेतकऱ्यांना सांगितले आहेत. अडचण एवढीच की डुक्कर हुशार आहे. आठ-दहा रात्री घाबरतं, मग साडीखालून येतं. म्हणून उपाय बदलत राहावा लागतो आणि पीक दाण्यात यायच्या पंधरा दिवसांतच तो वापरावा, आधी दाखवून वाया घालवू नये. कडेनं एरंडाच्या दाट ओळी लावल्या तर मका-भुईमुगाचा वास दबतो, हाही तिथलाच सल्ला. फोरेटसारखं विषारी औषध वासासाठी पिशवीत बांधून टांगतात, ते मात्र करू नका. ते औषध माणसाच्या श्वासातून आणि कातडीतूनही आत जातं.

टिकाऊ उपाय दोन. एक, दगडी गडगा. आमच्या आजोबांच्या पिढीनं बांधलेले गडगे अजून उभे आहेत, फक्त मधेमधे ढासळलेत, आणि डुक्कर नेमकं त्याच खिंडीतून येतं. दुसरा, सौर कुंपण. यात बॅटरीवर चालणारं यंत्र तारेत साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका सोडतं. व्होल्टेज जास्त, पण वीज इतकी थोडी आणि इतका कमी वेळ, की प्राणी दचकून मागं फिरतो, मरत नाही. मोटरीच्या वायरीत आणि यात हाच फरक आहे आणि दुकानदारानं "सगळं एकच" म्हटलं तर दुकान बदला. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी. आणि तारेला गवत टेकलं की झटका गवतातून जमिनीत जातो, म्हणजे पावसाळ्यात दर आठवड्याला कोयता घेऊन कडेनं फिरणं आलं. अनुदान मिळतं, योजना राज्यागणिक आणि वर्षागणिक बदलतात, त्यासाठी कृषी खातं आणि वन खातं अशा दोन्ही दारांत विचारायला हवं. एकट्याच्या वीस गुंठ्यांना कुंपण परवडत नाही. सलग आठ-दहा शेतांना एकच घातलं तर परवडतं.

आता अर्जाचं बोलू. इथं शहरात बसलेल्या आपला खरा उपयोग आहे, म्हणून सविस्तर सांगते.

वन्यप्राण्यानं पिकाचं नुकसान केलं तर महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडं वन खात्याकडून भरपाई मिळते. रक्कम पूर्ण नुकसानीएवढी कधीच नसते, हे आधीच मनाशी धरा. तरी अर्ज करा. कारण ज्या गावातून अर्ज येत नाहीत, त्या गावात सरकारी कागदावर डुकरंच नसतात. मग कुंपणही नाही आणि मारायची परवानगीही नाही.

बहुतेक अर्ज मुदतीवर मरतात. महाराष्ट्रात नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवावं लागतं. आपली माणसं आधी हळहळतात, मग उरलेलं कापतात, मग आठवड्यानं कुणीतरी म्हणतं "अर्ज केला असता तर". तोवर पुरावा बैलानं खाल्लेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा: सकाळी शेतात पाऊल टाकायच्या आधी फोटो. एक लांबून, ज्यात ओळखीचं झाड किंवा विहीर दिसेल. एक जवळून, खुराच्या ठशाचा, शेजारी कोयता ठेवून, म्हणजे आकार कळतो. एक मालकासकट. फोनमधलं लोकेशन चालू ठेवून. मग फोन वन रक्षकाला, आणि पंचनामा होईपर्यंत त्या तुकड्याला हात लावायचा नाही. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, सहीच्या आधी त्यात लिहिलेलं क्षेत्र वाचा.

कर्नाटकात वन खात्याचं ई-परिहार नावाचं ऑनलाइन काम चालतं, पण फॉर्म कन्नडमध्ये. आमच्या दादांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. तालुक्यातल्या कित्येक मराठी घरांत हेच आहे. मग मागच्या ऑक्टोबरात आम्ही असं केलं: दादा शेतात फोन धरून उभे, मी शिवाजीनगरात खोलीवर, आणि माझी रूममेट, हासनची, फॉर्म वाचून मला इंग्रजीत सांगतेय, मी दादांना मराठीत विचारतेय. "सर्व्हे नंबर?" "तोच की, वडाखालचा." पाऊण तास गेला. सगळं भरल्यावर कळलं की उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. भरपाई ज्याचं नाव उताऱ्यावर, त्याच्या खात्यात. दादा आणि दोन काका अशी वाटणी तोंडी झालेली, कागदावर नाही. तो अर्ज अजून तसाच आहे. वारसा नोंदीचं काम आता सुरू झालंय. तुमच्याकडं सातबारा असेल, आमच्याकडं पहाणीचा उतारा, पण आजच रात्री घरी फोन करून विचारा, नाव कुणाचं आहे.

बंदीपूर आणि नागरहोळेच्या कडेच्या गावांत हे काम सोपं करायला 'वाइल्ड सेवे' नावाचा उपक्रम २०१५ पासून चालतो. बेंगळुरूच्या सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीजमधल्या कृती कारंत यांनी तो सुरू केला. शेतकऱ्यानं टोल फ्री नंबर फिरवायचा, माणूस शेतावर येतो, फोटो-मोजमाप घेतो, अर्ज भरून देतो. फार मोठं तंत्रज्ञान नाही त्यात. फक्त कुणीतरी येतं. खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात असं कुणी येण्याची वाट पाहण्यापेक्षा, प्रत्येक गावातल्या दोन कॉलेजच्या पोरांनी हे शिकून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पीक विम्यातही एक बदल आहे. वन्यप्राण्यांचं नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२६ च्या खरिपापासून घेणार, असं केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. ७२ तासांत ॲपवर, लोकेशनसकट फोटो टाकून कळवायचं. प्राणी कोणते आणि जिल्हे कोणते, ते राज्यानं ठरवायचं. विमा भरताना आपल्या जिल्ह्याचं नाव यादीत आहे का, हे केंद्रावर विचारा.

आता ते मघाशी राखून ठेवलेलं कारण. आमच्या ओळीत एकूण अकरा शेतं. त्यांतली चार पडीक. एकाचा मालक पुण्यात, एकाचा गोव्यात हॉटेलात, एक मुंबईला, आणि एक भाऊबंदकीच्या केसमध्ये. पडीक शेतात पहिल्या वर्षी गवत येतं, दुसऱ्या वर्षी घाणेरी आणि रानमोडी, तिसऱ्या वर्षी ते जंगल असतं. डुकरं आता दूर भीमगडच्या रानातून उतरत नाहीत, ती पुण्यातल्या काकांच्या शेतात दिवसभर झोपतात आणि रात्री बांध ओलांडून दादांच्या भातात येतात. मग दादांच्या शेजारचा म्हणतो, यंदा मीही टाकतो पडीक. अकरातली चार होती, आता पाच होतील.

म्हणजे जे शेत आपण "राहू दे, कधीतरी बघू" म्हणून सोडलंय, त्याचं भाडं गावात राहिलेला माणूस भरतोय. ते कसायला द्या, अर्धेलीनं द्या, फुकट द्या. कुळाची भीती वाटते हे मला कळतं, आमच्याही घरात तीच भीती आहे. मग निदान वर्षातून एकदा, पावसाआधी, मजूर लावून झुडपं तोडून घ्या. आमच्या पुण्याच्या काकांना दादांनी यंदा तेवढंच मागितलंय. ते म्हणाले, मे महिन्यात येतो. दादांनी त्याच महिन्यात कुंपणासाठी सहा घरांची बैठक ठेवली आहे. एरंडाचं बी आईनं आत्तापासूनच डब्यात भरून ठेवलंय, आणि रताळ्याचे वेल यंदा लावायचे की नाही, हे बैठकीनंतर ठरणार आहे.